लेकरांची वाघर

ता. २४ नोव्हेंबर

अंगदच्या दादांना घरून मनकर्णाचा रामराम.

पिठाचं पोतं सोडताना सुतळी कापू नका, उसवा, कारण चिठ्ठी तोंडालाच शिवली हाय. आता हे वाचताय म्हंजी पोतं सुटलंच, तवा हे सांगून काय उपेग. तरी लिवलं ते लिवलं. पोतं आणणाऱ्या आसारामला तोंडी बी सांगितलं हाय, पण त्याच्या पिकअपमधी गाणी इतकी मोठी वाजतेत की त्याला काय ऐकू गेलं ते देवाला ठाव.

फोनवर तुमी येत न्हाई. अंगदला इचारलं की म्हणतो, दादा मेंढरांमागं गेलेत. सकाळी केला तरी मेंढरांमागं, जेवायच्या येळंला केला तरी मेंढरांमागं. मंग सुकन्या म्हणली, आज्जी, चिठ्ठी लिव. चिठ्ठी आली की माणूस मेंढरांमागं पळू शकत न्हाई. पोरगी लई चलाख झाली. मी तिसरी शिकलेली, तुमी चौथी, म्हंजी तुमाला वाचता येईलच. एखादं अक्षर लागलं न्हाई तर अंजनाला इचारा, सून म्हून लाजू नका.

पाकिटावर तुमचं नाव लिवायचं व्हतं. इतक्या वर्सांत मी तुमचं नाव उखाण्यात एकदा घेतलं, ते बी सासूबाई दाराआड उभ्या व्हत्या म्हून. शाळेतल्या मॅडमला इचारलं, नवऱ्याचं नाव घेत न्हाईत पण लिवलं तर चालतं का? त्या हसल्या अन् म्हणल्या, आजी, लिवल्याशिवाय पोचंल कसं. मंग लिवलं. धुळाजी. धु दोनदा गिरवला. बरं दिसतं नाव.

मेंढरं घिऊन निघायच्या दिवशी जे झालं ते झालं. तुमी सुकन्याचा हात धरून म्हणलात, ही येती तळावर, अन् मी म्हणलं, ही न्हाई येत अन् हिच्यासाठी मी बी न्हाई येत. तवापून तुमी बोलत न्हाई. पोरगी चौथीत हाय, तळावर नेली की शाळा बुडती, आठ महिन्यांनी परत आली की पाढेसुद्धा इसरती, हे गेल्या साली बघितलं. माझ्या गुडघ्याचं म्हणाल तर काय इशेष न्हाई. तुमी इचारलं न्हाई ते बरंच केलं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी लिवायला बसले.

परवा सुकन्या डबा इसरली म्हून शाळंत गेलते. तर वर्गात उपकेंद्रातली नर्सबाई, करिष्मा तिचं नाव, काचंच्या बरणीत पाणी घिऊन उभी. पोरं सगळी बरणीभोवती. मी खिडकीतून डोकावले. पाण्यात बारीक बारीक वळवळ व्हती. मॅडम म्हणल्या, आजी, आत या, उन्हात कशाला उभ्या. मी गेले अन् मागच्या बाकावर बसले. बाक लहान हाय, पाय माझे पुढच्या पोराच्या पाठीला लागत व्हते, ते पोरगं दरयेळी मागं वळून बघायचं.

ते वळवळ म्हंजी मच्छराची पिल्लं. आपण रांजणात, हौदात बघतो की न्हाई, अन् म्हणतो पाण्याला किडं पडले, अन् वरचं पाणी तांब्यानं बाजूला सारून पितो. तेच. पाण्यात अंडी, अंड्याच्या अळ्या, अळ्यांचं मच्छर. मला वाटायचं मच्छर गवतातून येतात. इतकी वर्सं गवतातच काढली, तवा दुसरं काय वाटणार. अळी डोकं खाली करून लोंबती अन् शेपटीनं दम घेती. शेपटीनं. मी उठून बरणीला नाक लावून बघितलं, खरंच शेपटी पाण्याच्या वर.

मी इचारलं, बाई, हे खातेत काय? पोरं हसली. नर्सबाई म्हणली, हसू नका, आजीनं सगळ्यात चांगला प्रश्न इचारला. पाण्यातलं शेवाळ, बारीक घाण खातेत. मंग मला जोर आला, मी आणखी इचारलं, मच्छराला दात असतेत का? ती म्हणली, दात न्हाईत, सुईवानी सोंड असती, अन् चावती ती फकस्त मादी, अंडी घालायला तिला रगत लागतं. मी म्हणलं, म्हंजी बाळंतपणाचा खुराक. नर्सबाई इतकी हसली की बरणी टेबलावर ठिवावी लागली.

पण पुढं तिनं जे सांगितलं त्यानं माझं हसू गेलं. म्हणली, पायाला पांढरे पट्टे असलेला मच्छर दिवसा चावतो. त्याच्यापासून डेंगू व्हतो, अन् लहान लेकराला तो झेपत न्हाई. दिवसा झोपलेलं लेकरू त्याला आयतंच सापडतं. तवा माझ्या डोळ्यापुढं अंगदचा अभ्या आला. चार वर्साचा जीव, तुमी सगळे मेंढरं घिऊन पांगला की दुपारी बाभळीखाली वाकळंवर उघडा झोपतो, बाजूला पाण्याचा टप. टपाला झाकण हाय का? मला ठाव हाय, न्हाई.

नर्सबाईनं लहान लेकरं असलेल्या घरांना औषधाची मच्छरदाणी वाटली. मी अभ्याच्या नावानं एक मागितली. सुकन्या तिला म्हणली, बाई, ही आमच्या वाघरीसारखीच हाय. नर्सबाईला वाघर ठाव नव्हती. मंग सुकन्यानं वर्गासमोर उभं ऱ्हाऊन सांगितलं की रातीला मेंढरं कोंडतेत ती जाळी म्हंजी वाघर. लांडगा भाईर ऱ्हातो, मेंढरं आत. ही लेकरांची वाघर. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुमची नात हाय.

तर ती मच्छरदाणी पिठासंगं पाठवली हाय. अभ्याला तिच्यात झोपवा, दिवसा बी. कडा वाकळंखाली खोचा. टप झाका. एवढं करा. माझ्याशी बोलू नका, पण एवढं करा.

मनकर्णा


ता. ९ डिसेंबर

अंगदच्या दादांना,

आसाराम रिकामी पोती घिऊन आला. मी इचारलं, मच्छरदाणी लावली का? तो म्हणला, लावली की, मावशी, झकास लावलीय. मी इचारलं, अभ्या झोपतो का नीट? तो म्हणला, अभ्या कुठला, आत कोकरं हायती. नवी जन्मलेली कोकरं आत, अन् अभ्या भाईर कुत्र्याजवळ.

मंग मलाच हसू आलं. कारण खरं सांगते, मी तिथं असते तर मी बी तेच केलं असतं. इतकी मऊ, नवी जाळी हातात आली अन् शेजारी हिवानं कुडकुडणारी कोकरं असली, तर धनगराच्या हाताला दुसरं सुचतच न्हाई. पण अहो, कोकराला डेंगू व्हत न्हाई. हे मी नर्सबाईला मुद्दाम इचारून घेतलं. अभ्याला आत घाला.

हिकडची गंमत ऐका. मी बरणी पाळली. आपल्या मागच्या रांजणातल्या अळ्या लोणच्याच्या बरणीत घातल्या, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला अन् खिडकीत ठिवली. सकाळी उठलं की आधी बरणी बघायची, मंग चूल. सुकन्या म्हणती, आज्जी देवाच्या आधी मच्छराला नमस्कार करती. शेजारची दगडाबाई भिंतीवरून डोकावली अन् म्हणली, काय मनकर्णाबाई, मेंढरं संपली म्हून मच्छर पाळले का, दूध देतेत का? मी म्हणलं, तुझ्या घरी जितके हायती तितके माझ्या बरणीत न्हाईत. मंग ती बी आली बघायला. आता रोज येती. कुणाला सांगू नका म्हणती.

काय बघितलं सांगू. अळी थोडे दिवस वळवळली, मंग तिचं डोकं फुगलं अन् ती वाकडी झाली, खाणंपिणं बंद. मला वाटलं मेली. पण हात लावला की टुणकन उडी मारायची. मंग एका सकाळी पाठीवर तिची कातडी उलली अन् आतून मच्छर निघाला. स्वताच्याच टरफलावर उभा ऱ्हायला, नावंत उभा ऱ्हावा तसा, अन् पंख वाळवत बसला. मेंढी व्यायल्याव ओलं कोकरू उभं ऱ्हातं, त्याचे पाय कसे थरथर करतेत, तसेच मच्छराचे पाय. अन् पायाला पांढरे पट्टे. सुकन्यानं इचारलं, आज्जी, आता मारायचा ना? मी म्हणलं, थांब, पंख तर वाळू दे. मंग आमी मच्छर मरस्तवर बरणीला कडक ऊन दाखवलं अन् सगळं पाणी तापलेल्या मातीवर वतलं. थोडं वाईट वाटलं. तुमाला सांगायला काय.

पाण्याचा मोठा तंटा झाला. नर्सबाई म्हणली, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासायची, कोरडा दिवस. आता हिकडं नळ येतो आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरा. दगडाबाई बोलली, हिच्या सासरी गंगा वाहत असंल. नर्सबाईचं तोंड उतरलं. ती बी आपल्याच दुष्काळी भागातली, कड्याकडची, तिला काय पाण्याची किंमत ठाव न्हाई असं न्हाई. मंग पोरांनीच वाट काढली. एका रांजणाचं पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं, अळ्या फडक्यात सापडतेत, रिकामा रांजण काथ्यानं आतून खसाखसा घासायचा, कारण अंडी कडंला चिकटून बसतेत अन् पाणी गेलं तरी मरत न्हाईत, अन् गाळलेलं पाणी परत आत. थेंब वाया न्हाई. आता पोरं घरोघर फडकं घिऊन फिरतेत. कुणाच्या घरी किती अळ्या निघाल्या याची शर्यत लावतेत. दगडाबाई पयली आली, तिला लाज वाटायची तर ती सगळ्यांना सांगत फिरती.

आता दुसऱ्या धड्याचं, अन् हे तुमी नीट वाचा.

नर्सबाईनं वर्गात इचारलं, गोचीड कुणी बघितली? आपल्या वाडीतली पोरं, सगळ्यांचे हात वर. कशी काढता? एक म्हणला, आमचा बा बिडी टेकवतो. दुसरा म्हणला, रॉकेल. तिसरी म्हणली, चुना. अन् एक पोरगं उठलं अन् म्हणलं, मी दोन नखांत धरून फोडतो, टच्च आवाज येतो. मंग टच्च आवाज कुणाचा मोठा यावर भांडणं. नर्सबाईनं डोक्याला हात लावला.

ती म्हणली, बिडी टेकवली, रॉकेल लावलं की गोचीड गडबडती अन् पोटातलं घाण रगत माणसाच्या अंगात उलटं वकती. त्यातून ताप येतो. नखानं वढली तर नुसतं अंग हातात येतं अन् तोंड कातडीत ऱ्हातं. फोडली तर ते रगत बोटाच्या चिरंतून आत जातं. मला पटंना. मी उठून म्हणलं, बाई, मी हजारो फोडल्या असतील, मला काई झालं न्हाई. ती म्हणली, आजी, तुमचं नशीब. पण प्रत्येक लेकराचं नशीब तपासून बघायचं का? मी खाली बसले.

मंग मी पोरांसाठी बाहुली शिवली. लुगड्याची, मोठी, कोकराएवढी. तिच्या कानामागं, काखंत, कंबरंच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागं काळे तीळ अन् एरंडीचं बी चिकटवलं. एरंडीचं बी अगदी रगत पिऊन टम्म झालेल्या गोचिडीवानी दिसतं. मॅडमनं एरंडी काढायला लावली, कुणी तोंडात घातली तर इख. मंग तुरीचे दाणे लावले. पोरं बाहुलीची झडती घेतात, पोलीस घेतात तशी. हात वर. मान वाकडी. केसांतून बोटं. कोण लपलेला तीळ हुडकतं बघायचं. सुकन्या बेंबीत बघती, कुणी बघत न्हाई तिथं.

तवा माझं म्हणणं एवढंच. सांजंला मेंढरं वाघरीत गेली की अभ्याची झडती घ्या. अंजना सैपाकात असती, अंगद दावणीला, तुमीच मोकळे असता. तुमचे डोळे चांगले हायती, लांबून लंगडं मेंढरू वळखता. लेकराच्या कानामागची गोचीड दिसंल की न्हाई. त्याला पायघोळ पँट घाला, खालून मोज्यात खोचा.

मनकर्णा


ता. २६ डिसेंबर

अंगदच्या दादांना,

आसाराम सांगतो, म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, अन् मच्छरदाणीत अभ्याला घातलं. मी खूश झाले, त्याला चहात साखर जास्त घातली. मंग तो चहा पिता पिता म्हणतो, आता आत अभ्या अन् कोकरं सगळे संगंच असतेत, लई गोड दिसतं, मोबाईलवर फोटू हाय. अन् त्यानं फोटू दाखवला.

फोटू खरंच गोड हाय. अभ्याचा हात काळ्या कोकराच्या गळ्यात. पण अहो, तुमी काय केलंत. मच्छर भाईर ठिवले अन् गोचिडी आत कोंडल्या. वाघरीत लांडगा घालून तोंड बांधावं तसं झालं. कोकराच्या कानात, शेपटीखाली काय असतं ते तुमाला मी सांगावं का? त्या रातभर कोकरावरून लेकरावर जातेत, त्यांना चालायला आपल्यासारखे आठ महिने लागत न्हाईत.

मी रागावले न्हाई. मला हे बी कळतं की तुमी माझं ऐकलंत अन् कोकरांना बी थंडीत टाकलं न्हाई. पण दोन्ही एका जाळीत व्हत न्हाई. कोकरांना पोत्याचा आडोसा करा. जाळीत एकटा अभ्या. तो रडंल, कोकरू मागंल. रडू द्या थोडं.

अन् झडती घेता का, हे आसारामला इचारलं तर तो म्हणला, म्हातारा म्हणतो, आमच्या सात पिढ्यांनी गोचिडी काढल्या, मला आता बाहुलीवर शिकायचं का. असं म्हणलात म्हणं. बरं.

सुकन्या माझी बी झडती घेती रोज. शाळेतून आली की म्हणती, आज्जी, बस. मी म्हणते, मी कुठं रानात जाते, दोन शेरडं तर हायती दारात. ती म्हणती, शेरडांना गोचीड न्हाई का? बसावं लागतं.

खाली लिवते, सांजंला.

आत्ता अंगदचा फोन आला. अभ्याचं अंग तापलंय म्हणला, कालपासून. दवाखान्यात नेलाय, रगत तपासायला घेतलंय. मी इचारलं, दादा कुठं हायती? म्हणला, दवाखान्याच्या दारात बसलेत, आत येत न्हाईत. मी म्हणलं, फोन दे. तो गेला, परत आला, म्हणला, दादा हात करतेत न्हाई म्हून.

मी आणखी काई लिवत न्हाई. आसाराम पहाटं निघणार हाय. वर जे लिवलं ते आधी लिवलेलं हाय, ते मनाला लावून घिऊ नका. फोटूचं बी मी कुणाला सांगणार न्हाई.

मनकर्णा


ता. ३ जानेवारी

अंगदच्या दादांना,

रिपोर्ट चांगला आला. अंगदनं सांगितलं तवा मी देवापुढं साखर ठिवली. डेंगू न्हाई, दुसरं बी काई न्हाई, साधा ताप. आता पोरगं उड्या मारतंय म्हणला. देवाची किरपा अन् त्या डॉक्टरची.

कानामागं डॉक्टरनं काय दाखवलं ते तुमी बघितलंय. कुणी गोचीड नखानं वढली अन् तिचं तोंड कुणाच्या कातडीत ऱ्हायलं, ते अंगद बोलला, पण मी लिवत न्हाई. ते डॉक्टरनं काढलं, औषध लावलं, झालं. तुमी दवाखान्याच्या दारात दोन दिवस बसला हे बी तो बोलला. जेवला का न्हाई तिथं, कुणी काई दिलं का?

पाटोद्याला बाजारात गेलते. बांगडीवाल्याकडं बारीक टोकाचा चिमटा मागितला. तो म्हणला, आजी, भुवया कोरायच्या का? मी म्हणलं, हो, म्हातारा रुसलाय. सगळा बाजार हसला. तो चिमटा चिठ्ठीसंगं फडक्यात बांधलाय. कातडीला लागून, जवळून धरायचा, पिळायचा न्हाई, झटका द्यायचा न्हाई, हळू सरळ वर वढायचा. सावकाश सुटती. मंग साबणानं धुवायचं. पाय अडकलेलं कोकरू मेंढीच्या पोटातून तुमी काढता ना, जोर न लावता, तितक्याच धीरानं. त्यात तुमचा हात धरणारा तालुक्यात कुणी न्हाई. मला आणखी काई शिकवायचं न्हाई.

ताप परत आला तर डॉक्टरला आधी सांगा की गोचीड लागलेली. न इचारता सांगा.

मनकर्णा


ता. १८ जानेवारी

अंगदच्या दादांना,

आज काय झालं ते सगळं लिवते, तुमाला अर्धं ठाव हाय तरी.

आसाराम आला, पोती टाकली, अन् खिशातून एक लहान बाटली काढली. मेंढरांच्या लशीची, रबरी बुचाची. म्हणला, मावशी, हे म्हाताऱ्यानं दिलंय, जपून द्यायला सांगितलं, आख्ख्या वाटंत मी गाणी बंद ठिवली. मला वाटलं औषध असंल. हातात घिऊन उजेडाला धरली तर तळाला एक गोचीड.

मी इचारलं, चिठ्ठी हाय का? तो म्हणला, चिठ्ठी न्हाई. निरोप हाय. म्हातारा म्हणला, तिला म्हणावं, डोकं आलंय का बघ.

अहो, दोन महिने झाले. दोन महिन्यांत तुमचा मला पयला शब्द आला तो हा. सुकन्या शाळेत व्हती, मी तशीच बाटली घिऊन शाळेत गेले, वर्ग चालू व्हता. मॅडमकडं भिंग हाय, पोरं मुंग्या बघतेत ते. टेबलावर पांढरा कागद ठिवला, त्यावर बाटली उलटी केली, नर्सबाईनं शिकवल्यासारखं काडीनंच हलवली. पोरं टेबलावर चढली. मी भिंगातून बघितलं. किती मोठी दिसती. कातडी चामड्यावानी, पाठीवर नक्षी, जशी काई घोंगडीची किनार. आठ पाय. गोचिडीला आठ पाय असतेत अन् मच्छराला सहा, हे मला या वयात कळलं. अन् पुढं बारीक, काळं, करवतीवानी तोंड. पुरं. सुकन्यानं बघितलं, मॅडमनं बघितलं, ज्या पोराचा टच्च आवाज मोठा यायचा त्यानं बी बघितलं. तो म्हणला, कुणी काढली ही, तो एकदम पास.

घरी येऊन आसारामला भाकरी वाढली अन् इचारलं, अभ्याच्या कुठं लागलेली? तो म्हणला, अभ्याच्या कुठली, म्हाताऱ्याच्याच. मंग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझी भाकरी तव्यावर करपली.

म्हणं तुमी रोज सांजंला अभ्याची झडती घेता. तो डॉक्टरकडं सुई घेतल्यापून हात लावू देत न्हाई, तवा तुमी त्याला कबूल केलं की आधी तू माझी घे, मंग मी तुझी. म्हंजी तुमी सदरा काढून दगडावर बसता अन् ते चार वर्साचं पोरगं तुमाला हुकूम सोडतं, आबा, हात वर. आबा, मान वाकडी. पागोटं काढा. तुमचं पागोटं मी लग्नात पयल्यांदा बघितलं तवापून दिवसा उतरलेलं बघितलं न्हाई. अन् अभ्यालाच ती सापडली, खांद्याच्या खाली, पाठीवर, जिथं तुमचा हात बी पोचत न्हाई. चिमटा त्यानं धरला, त्याच्या हातावर अंजनाचा हात, अन् तुमी म्हणत व्हता, हळू, बाळा, सरळ वर, पिळू नको. मंग म्हणलात, हिला टाकू नका, घरी पाठवायची हाय.

तळावरची बाकीची लेकरं बी आता रांगंत बसतेत म्हणं, शेजारच्या बिऱ्हाडाची सुद्धा. कोकरं पोत्याच्या आडोशाला हायती. टपावर झाकण न्हाई पण तुमी जुनी घोंगडी टाकली. सुकन्याला सांगितलं तर ती म्हणती, आबा मॅडम झाले. आता ती मला रोज इचारती, आज्जी, आबांना भिंग पाठवायचं का. शाळेचं भिंग हाय, कसं पाठवणार, पण मी मॅडमला इचारून ठिवलंय कुठं मिळतं.

ह्या सगळ्या गोष्टीचं मला लई नवल वाटतं. मी मेंढरात जन्मले अन् मेंढरात म्हातारी झाले, पण गोचिडीचं तोंड कधी बघितलं नव्हतं. कितीक फोडल्या. कुणी थांबून बघितलंच न्हाई ती कशी असती. तुमाला बघायला आवडंल, पाठीवरची नक्षी तर नक्कीच. बाटली मी जपून ठिवली हाय. दगडाबाई बघायला येती, रोज येती, हिचं दूध काढतेस का इचारती.

आसाराम गाडीत बसला, चावी फिरवली, अन् मंग परत उतरला. म्हणला, मावशी, एक इसरलो. म्हाताऱ्यानं आणखी एक इचारायला सांगितलं, पण कुणापुढं बोलू नको म्हणला. मी म्हणलं, बोल. तो म्हणला, तो इचारतो, तिची पाठ कोण बघतं?

त्याचं उत्तर मी हिथं देते. सुकन्या बघती. आज तिला म्हणलं, आज नीट बघ, आबांना कळवायचंय. तिनं दारात, उजेडात बसवलं, मान बघितली, खांदे बघितले, केसांतून बोटं फिरवली, सगळी पाठ वरून खाली बघितली. काई सापडलं न्हाई.

तुमाला कळावं म्हून लिवलं.

मनकर्णा